नववा नियम

—नाही, समोर नको, इथे शेजारी बसा. समोर कुणी बसलं की मला काही सुचत नाही. दोघांनी कागदाकडे बघायचं, एकमेकांच्या तोंडाकडे नाही, ही माझी पद्धत आहे — तोंडाकडे बघून कुणाला गणित आलंय? आणि खुर्ची जरा उचलून घ्या, ओढू नका. ती काउंटरवरची मिसेस ऑल्ड्रिच, तिला आवाज खपत नाही. चौदा वर्षं दर शनिवारी मी लायब्ररीतल्या या टेबलावर बसतोय, आणि चौदा वर्षं ती माझ्याकडे असं बघते, जसा काही मी कुणाचा डबा चोरून खायला आलोय. असो. नाव काय म्हणालात? जोलीन. बरं. मी कॅझ. आणि आधीच सांगून ठेवतो, मी मास्तर नाही हं, सर-बिर म्हणू नका. मी काचेच्या कारखान्यात असतो, गाड्यांच्या काचा तपासतो, कुठे बुडबुडा राहिलाय, कुठे चरा गेलाय. अकरावीत शाळा सुटली ती सुटली. हसलात? नाही? बरं, काही जण हसतात. ज्याने शाळा पुरी केली नाही तो मास्टर्सच्या प्रवेशपरीक्षेचं गणित शिकवतो, म्हणजे ज्याला पोहता येत नाही त्याने काठावरून ओरडायचं, असं एकजण मला तोंडावर म्हणाला होता. त्याला नंतर चांगले गुण पडले. आभार मानायला काही आला नाही.

तर पुन्हा बसायचंय तुम्हाला. म्हणजे एकदा बसलात. किती पडले? — माहीत नाही? माहीत नाही म्हणजे काय, तिथल्या तिथे पडद्यावर दाखवतात की — हां. रद्द केलेत. शेवटी ते विचारतात, गुण ठेवायचे की रद्द करायचे, आणि तुम्ही न बघताच रद्द केलेत. का पण? बरं वाटत नव्हतं का? शेजारी कुणी खोकत होतं? — मग? — दुसरा भाग सोपा गेला म्हणून. हं. हं, हे कुणी सांगितलं तुम्हाला? — कागद? कसला कागद? बघू.

हो. माझाच आहे. हे माझंच अक्षर. सातच्या पोटात आडवी रेघ आहे ना, ती आमच्या वडिलांची सवय, पोलंडची. झेरॉक्सची झेरॉक्स झालीय, सहा आणि आठ ओळखू येत नाहीत, पण माझाच. कुठून मिळाला? — तुमच्याबरोबर डायलिसिसला काम करते तिच्याकडून, तिला तिच्या चुलतभावाकडून. बघा, कुठे कुठे पोचलाय. मी एका वेळी वीसच प्रती काढून घेतो. वाचा बरं नववा. मोठ्याने नको, ती बघतेय. — 'दुसरा भाग सोपा वाटला तर समजा पहिला भाग बिघडला. गुण रद्द करा. वाईट गुण दिसण्यापेक्षा काहीच न दिसलेलं बरं.' बरोबर आहे मग. बरोबरच आहे ते! परीक्षेचं यंत्र तसंच चालतं, जोलीन. पहिला भाग चांगला सोडवला तर दुसरा कठीण देतं, पहिला बिघडवला तर दुसरा सोपा देतं, आणि सोप्या भागात सगळं बरोबर आलं तरी गुण वर चढत नाहीत, एका उंचीला जाऊन अडकतात. म्हणून दुसरा भाग सोपा लागला की शहाण्याने ओळखावं. शेकडो मुलांच्या अनुभवावरून लिहिलंय मी ते. शेकडो. तुम्ही योग्य तेच केलंत. आता बुकिंग कधीचं आहे? जानेवारी. भरपूर वेळ आहे, दर शनिवारी या, टक्केवारीपासून धरू. टक्केवारीत बहुतेकांचं बिघडतं.

म्हणजे काय बिघडलं ते तरी कळायला हवं ना. आठवतंय काही, दुसऱ्या भागातलं? हो, माहीत आहे, सही घेतलेली असते, प्रश्न बाहेर सांगायचे नाहीत. मी कुणाला सांगणार आहे? मी काचा तपासतो. एक सांगा फक्त, त्या सोप्यातला सोपा. — पाच संख्या. पूर्ण, धन. सरासरी बारा, मध्यक पंधरा. सर्वांत मोठी संख्या जास्तीत जास्त किती? हां, हा जुना आहे, हा फिरून फिरून येतो. बेरीज झाली साठ. मधली पंधरा. मोठी वाढवायची तर बाकीच्यांना जितकं खाली दाबता येईल तितकं दाबायचं — एक, एक, पंधरा, पंधरा — बत्तीस — उरले अठ्ठावीस. बघा, अठ्ठावीस. तुम्ही काय लिहिलंत? — सव्वीस? नाही हो, अठ्ठावीस. असं बघा — काय? — वेगवेगळ्या. प्रश्नात 'वेगवेगळ्या' होतं. पाच वेगवेगळ्या संख्या. तुम्ही सांगितलं नाहीत मला. सांगितलंत? सुरुवातीलाच? मग माझ्या कानावरून गेलं. म्हणजे एक, दोन, पंधरा, सोळा. चौतीस. सव्वीस.

सव्वीस.

किती वेळ लागला तुम्हाला? — नाही, अंदाजे. — मिनिटही नाही. कागदावर मांडलंत? नाही, डोक्यातच. दुसरा एक सांगा बरं. — हो, सांगा. — हं. — हं. आणि तुम्ही काय केलंत? सांगता येत नाही, हा चौथा पर्याय निवडलात. कारण क्ष शून्यही असू शकतो. तुम्हाला लगेच सुचलं, की शून्यही असू शकतो. आणि हे सगळं तुम्हाला सोपं वाटलं. जोलीन, हे सोप्या भागातले प्रश्न नाहीत. नाहीत हो. सोप्या भागात 'वेगवेगळ्या' असा शब्द घालून कुणी खड्डा खणत नाही, तिथे सरळ सरासरी विचारतात आणि सोडून देतात. कसं माहीत म्हणजे — माहीत आहे. सोडा ते. परीक्षा कधी होती? तारीख सांगा, नक्की. पंचवीस सप्टेंबर. पंचवीस. सप्टेंबरचे उरलेले पाच, ऑक्टोबरचे एकतीस, छत्तीस, आणि आजचे बावीस — अठ्ठावन्न. एकदा तुम्ही मोजा. माझ्यावर जाऊ नका, तुम्ही मोजा. अठ्ठावन्नच ना? बघा, साठ दिवसांच्या आत रद्द केलेले गुण परत मागता येतात. हो, येतात. एक अर्ज असतो, त्यांच्याच साइटवर. थोडी फी घेतात, पण गुण परत ठेवतात, जसे होते तसे. मग ते कॉलेजला पाठवायचे की नाही ते तुमच्या हातात. — मी चेष्टा करत नाही. चेष्टा करायला मला जमत नाही, घरचे सुद्धा सांगतील.

काय? — कागदावर का नाही लिहिलं? जागा नव्हती. — हो, मागची बाजू कोरी आहे, मला दिसतंय.

मागची बाजू कोरी आहे. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं बघा, तुम्ही कागद उलटून बघितलात. गणितात तुम्ही बऱ्या असणार.

मोबाइल काढा आणि अर्ज शोधा, शोधता शोधता ऐका. मला एक बहीण आहे, हॅलिना, हॅली म्हणतो आम्ही. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. मी सतरा वर्षांचा असताना वडिलांची डावी बाजू गेली, ते त्याच कारखान्यात होते, त्यांच्या जागी मी लागलो. शाळा त्या वेळी सुटली. मला वाईट वाटलं नाही हं. म्हणजे वाटलं, पण सांगण्यासारखं नाही. ठरलं असं होतं, की मी काम करायचं आणि हॅलीने शिकायचं. तिने शिकून घेतलं, इथेच, टोलेडोत, घरी राहून. आणि मग म्हणाली, कॅझ, मला पुढे संख्याशास्त्र करायचंय, मिनियापोलिसला. मी म्हटलं, कर की. मीच तिला शिकवलं या परीक्षेचं. मी तेव्हा दोनेक वर्षं शिकवतच होतो, इथल्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीत दोन पुस्तकं मिळाली होती, जेवणाच्या सुट्टीत सोडवायचो. हे नऊ नियम तिच्या वहीसाठी लिहिले मी. कागद नंतरचा.

शेकडो मुलं कुठली आली तेव्हा? खोटं बोललो मघाशी. नववा नियम एकाच माणसाच्या अनुभवावरून आहे. मी बसलो होतो एकदा. कुणाला न सांगता, सुट्टी टाकून — कॉलेजला जायचं म्हणून नाही, कुठलं कॉलेज घेणार होतं मला — बघू तरी, म्हणून. दुसरा भाग इतका सोपा गेला, की मी वेळेच्या आधी संपवून हाताची घडी घालून बसलो. केंद्रातले लोक मागे काचेतून बघत असतात ना, त्यांना दिसावं म्हणून. आणि मग गुण आले पडद्यावर. मी बसमधून घरी आलो तेव्हा नियम तयार होता. एक माणूस, एक परीक्षा, एक नियम. आणि मी लोकांना शिकवतो, नमुना लहान असला तर निष्कर्ष काढू नका. वाचा, सहावा नियम तोच आहे.

हॅली परीक्षेहून आली ती हसत आली. जानेवारी होता, बूट काढायच्या आधीच बोलायला लागली. म्हणाली, कॅझ, तुझ्या नियमाने वाचवलं बघ मला, दुसरा भाग अगदी पोरखेळ होता, मी गुण रद्द केले. मी म्हटलं, शहाणी आहेस. वडील खुर्चीतून विचारत होते काय झालं, काय झालं, तर ती म्हणाली, काही नाही, पहिला भाग जरा घसरला, पुन्हा देईन. आणि मग सूप पिता पिता मी विचारलं, पोरखेळ म्हणजे काय काय होतं ग? जसं तुम्हाला विचारलं. तर म्हणाली, दोन वर्ग आहेत, दोन्हींत मुलं सारखीच. एका वर्गाची सरासरी साठ, दुसऱ्याची ऐंशी. प्रमाण विचलन दोन्हींचं चार. दोन वर्ग एकत्र केले तर विचलन चारपेक्षा जास्त, कमी, की चारच? मी म्हटलं, चारच. चार आणि चार, दुसरं काय होणार? ती म्हणाली, नाही रे, जास्त. मी म्हटलं, इथेच चुकतेस तू. तर तिने सुपाच्या चमच्याने टेबलावर टकटक केलं, एक ढीग इथे, एक ढीग तिथे, म्हणाली, दोन घोळके लांब लांब उभे आहेत कॅझ, एकत्र मोजलेस तर पसारा वाढणारच की. आकडा काढायची गरजच नाही, नुसतं बघ. मी म्हटलं, बघून गणित होत नाही. ती पुन्हा सूप प्यायला लागली. माझं ऐकायची ती. मीच शिकवलं होतं ना.

दोन दिवस मी काचा तपासताना मनात म्हणत होतो, चार, चारच. तिसऱ्या दिवशी डब्याच्या कागदावर मांडलं. छप्पन्न आणि चौसष्ट एका वर्गात, शहात्तर आणि चौऱ्याऐंशी दुसऱ्यात. मांडा तुम्ही घरी, सोपं आहे. चार नाही येत. जवळजवळ अकरा येतं. हॅलीने चमच्याने जे केलं ते मला तीन दिवस लागले. म्हणजे तो भाग सोपा नव्हता. तो तिला सोपा होता. नियमात ही एवढीच गोष्ट राहून गेली — सोपं, पण कुणाला? मी माझ्यावरून सगळ्यांना मोजलं. तिने पहिला भाग उत्तम सोडवला असणार, यंत्राने तिला कठीण दिला, आणि ती हसत हसत सोडवून माझ्या शब्दावर सगळं पुसून आली.

साठ दिवसांचं मला तेव्हा माहीत होतं का? हो. — होतं. माझ्या पुस्तकात शेवटच्या पानावर बारीक अक्षरात छापलेलं होतं. सत्तावन्न दिवस बाकी होते.

नाही, तसं नव्हतं, लगेच तोंड करू नका तसं. तोंडाकडे मी बघत नाही, पण कळतं. मी म्हटलं, रविवारी सांगू. रविवारी वडील पडले न्हाणीघरात. तिने आणि मी मिळून उचललं, एकट्याला उचलण्यासारखे नव्हते ते, मोठे होते अंगाने. त्यांना पुसताना ती म्हणाली, मी गेले तर तुझं कसं होणार रे? मी म्हटलं, होईल. पण ते डोक्यात बसलं. मग म्हटलं, पुढच्या आठवड्यात. मग बर्फ पडलं. मग मला दोन पाळ्या लागल्या. रोज एक कारण असायचं आणि रोज ते खरं असायचं, हे लक्षात घ्या, एकही कारण खोटं नव्हतं. आणि तसंही ती पुन्हा परीक्षा देणारच आहे म्हणत होती, मग सांगायची घाई काय? एकोणसाठावा दिवस मंगळवार होता, ईस्टरच्या उपवासांआधीचा. ती बेकरीपुढे रांगेत उभी राहून एक डझन पाँचकी घेऊन आली, आमचे पोलिश तळलेले गोड गोळे, आत आलुबुखारचा जॅम, वडिलांना आवडायचे ते. तिच्या ओठाला साखर लागली होती. म्हणाली, कॅझ, मी पुन्हा नाही बसणार परीक्षेला. पहिल्याच भागात घसरले म्हणजे आपला तो घासच नाही, कशाला उगाच? काउंटीत पाण्याच्या बिलाच्या ऑफिसात जागा आहे, घरापासून जवळ. आणि माझ्याकडे बघून थांबली. थांबली ती. मी काहीतरी म्हणावं म्हणून. माझ्या तोंडात पाँचका होता, जोलीन. तो मी किती वेळ चावला.

एक तर मला ती जायला नको होती. आणि दुसरं — दुसरं तुम्हाला कळलंच असेल. मी शाळा सोडली ती तिच्यासाठी, म्हणजे ती माझ्यापेक्षा हुशार निघावी म्हणूनच ना? मग ती निघाली, तर मला ते — जाऊ दे. चमच्याने टकटक करून दाखवायला नको होतं तिने.

वडील पुढच्याच वर्षी गेले. ती तिथेच आहे, पाण्याच्या बिलात. आणि मला म्हणते, तू बघ रे, मला आकडे जमत नाहीत. खरंच म्हणते. पाऊण कपाच्या दुप्पट किती, हे मला फोन करून विचारते. हॅली. सुरुवातीला मला वाटायचं मुद्दाम टोचते. टोचत नाही, तिला खरंच तसं वाटतं. हे एकदा डोक्यात बसलं की मग खरंच जमेनासं होतं माणसाला, मी बघितलंय. आणि नववा नियम कागदावर तसाच ठेवला मी. का म्हणजे? खोडला असता तर तिने विचारलं नसतं का, का खोडलास? प्रती तीच काढून आणते माझ्यासाठी, तिच्या ऑफिसातून.

सापडला अर्ज? दाखवा. हा नाही, हे नवं बुकिंग आहे. खाली जा. अजून खाली. — तो. भरा. सोमवारची वाट बघू नका, सोमवार साठावा आहे, आणि त्यांचे दिवस कसे मोजतात मला माहीत नाही, पहिला धरतात की सोडतात. आज भरा, आत्ता, बसमध्ये बसून नाही, तिथे नेट जातं. कदाचित गुण वाईटच निघतील, हो, निघू शकतात. दोन प्रश्नांवरून मी काय सांगणार? पण तुमचे तुम्ही बघा. माझ्या कागदावरून नको. जन्मतारीख घाला. ते नाव तिथे जसं लायसन्सवर आहे तसंच — मधलं नावसुद्धा. हां.

नाही, तिला नाही सांगणार मी. आता काय उपयोग? तेहेतीस वर्षांची आहे ती — काय? — तेहेतिसाव्या वर्षी लोक जातात कॉलेजला, हो, जातात. तुमची आई गेली असेल. तुम्ही अर्ज भरा.

आणि मला घरी नेणारं दुसरं कोण आहे — तीच नेते, दर शनिवारी. मी गाडी चालवत नाही, डोळ्यांचं झालंय, लांबचं धूसर दिसतं, काचा बघून बघून. पाचला येते. किती वाजले? — ती निळी गाडी लागतेय का बघा खिडकीतून. पांढऱ्या टोपीची बाई आहे का? — मग तीच. लवकर आली. झालं का भरून? बटण दाबा. दाबलंत? काय आलं, अर्ज मिळाला असं आलं? बरं. बंद करा तो मोबाइल. कागद इथेच राहू द्या, नको, न्या तो, घडी घालून पर्समध्ये टाका, दिसायला नको. तुम्ही टक्केवारी विचारायला आला होतात. बाकी काही नाही. माझ्याकडे बघू नका, कागदाकडे — कागद आता नाहीये. मग पुस्तकाकडे बघा.

—हो, हॅली, झालंच. या निघाल्यातच. हो, हुशार आहेत, टक्केवारी जरा कच्ची. — काय? गुरुवारच्या सणाच्या जेवणासाठी? किती माणसं झाली? — कृती चार अंड्यांची आहे आणि दीडपट करायचीय.

सहा, हॅली. सहा अंडी.

जा तुम्ही, जोलीन. खुर्ची उचलून ठेवा.